मागे पाहणारी तळटीप, पुढे पाहणारी सूची

साहित्याच्या अभ्यासकाला तळटीप बहुधा ऋणनिर्देशासारखी वाटते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिच्याकडे केवळ सौजन्य म्हणून पाहून भागत नाही. एखादे संयुग पूर्वी कोणी तयार केले, कोणत्या रीतीने केले, त्याचा द्रवणांक किती नोंदवला, हे न शोधताच तो प्रयोगाला बसला, तर काही महिने खपून जुनेच पुन्हा शोधून काढील. आणि संदर्भच चुकीचा असेल, तर त्याच्या भरवशावर केलेला प्रयोगही फसेल. म्हणूनच संदर्भ शोधण्याच्या साधनांचा इतिहास हा रसायनशास्त्राच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

या साधनांत फ्रीड्रिख बाइलश्टाइन (१८३८–१९०६) याचे नाव अग्रभागी येते. सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेल्या या रसायनज्ञाने १८८१ ते १८८३ या काळात सेंद्रिय रसायनशास्त्राचा संदर्भग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. सुमारे २,२०० पृष्ठे आणि १५,००० संयुगे, आणि ती माहिती मूळ कोणत्या निबंधात आली त्याचा निर्देश! मराठी वाचकाला येथे शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीची आठवण व्हावी. एका माणसाच्या चिकाटीने उभे राहिलेले हे काम पुढे जर्मन केमिकल सोसायटीने चालवले. १९८४ मध्ये इंग्रजी खंड निघू लागेपर्यंत ते जर्मनमध्येच होते. ते वापरायचे तर कामापुरते तरी जर्मन वाचता यावे लागे.

१९०७ साली अमेरिकन केमिकल सोसायटीने ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ सुरू केले. जगभरच्या नियतकालिकांतील निबंधांचे सारांश आणि त्यांच्या सूची, असे त्याचे स्वरूप. पहिल्याच वर्षी सुमारे १२,००० सारांश छापले गेले. पुढे या जाड खंडांनी ग्रंथालयांच्या भिंती व्यापल्या. २०१० च्या आरंभी छापील आवृत्ती थांबली आणि शोध पूर्णपणे संगणकावर गेला.

ही दोन्ही साधने मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर देत होती: यापूर्वी काय झाले? त्याहून वेगळा प्रश्न विचारला यूजीन गारफील्ड (१९२५–२०१७) यांनी. हा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर त्याचे काय झाले? तो कोणी स्वीकारला, कोणी दुरुस्त केला, कोणी खोडून काढला? गारफील्ड यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे; पण ही कल्पना आली कायद्याच्या क्षेत्रातून. जुन्या निकालाचा आधार घेणाऱ्या वकिलाला तो पुढे फिरवला गेला आहे का, हे माहीत असावेच लागते. त्यासाठी अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स’ नावाची निर्देशसूची वापरात होती. त्या संस्थेतील एका माजी अधिकाऱ्याने १९५३ मध्ये तिच्याकडे गारफील्ड यांचे लक्ष वेधले. १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी अशीच सूची विज्ञानासाठी सुचवली. सदोष किंवा कालबाह्य माहिती डोळे मिटून उद्धृत केली जाऊ नये, हा तिचा एक मुख्य हेतू होता. १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या रूपाने ती अवतरली.

पुढचा इतिहास विपरीत आहे. चिकित्सेसाठी घडवलेले साधन मोजणीसाठी वापरले जाऊ लागले. कोणाचे किती उल्लेख झाले यावर नेमणुका आणि बढत्या अवलंबून राहू लागल्या. पण आकड्याला आदराने केलेला उल्लेख आणि खंडनासाठी केलेला उल्लेख यांतला भेद कळत नाही. ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील १९५१ चा निबंध हे याचे बोलके उदाहरण होय. २०१४ पर्यंत त्याचे तीन लाखांहून अधिक उल्लेख झाले होते. पण तो थोर निबंध नव्हे, हे स्वतः लॉरी यांनीच मोकळेपणाने मान्य केले होते. संख्येने उपयोग सांगितला, थोरवी नव्हे.

आज तर अस्तित्वातच नसलेल्या निबंधांचे संदर्भ संगणकीय प्रणाली बिनचूक मांडणीत रचून देतात. अशा वेळी तळटिपेचा मूळ अर्थ पुन्हा आठवायला हवा. तळटीप ही साक्ष आहे: ‘हे मी स्वतः वाचले आहे, पारखले आहे, आणि त्यानंतर त्याचे काय झाले याचीही चौकशी केली आहे.’ दुसऱ्याच्या तळटिपेतून उचललेला संदर्भ ही ऐकीव साक्ष होय. ती प्रयोगशाळेत कधी ना कधी उघडी पडते. साहित्यसमीक्षेत ती बराच काळ खपून जाते, म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.