वृक्षमंडूक : घरातल्या व पाळीव जातींची ओळख

वृक्षमंडूक अथवा झाडबेडूक म्हणजे बोटांच्या टोकांवर वाटोळ्या चकत्या असलेले, उभ्या पृष्ठभागावर सहज चढणारे बेडूक. हे नाव एकाच कुलाचे नाही. भारतातील बहुतेक जाती ऱ्हॅकोफोरिडी कुलातील आहेत. पाळीव प्राण्यांच्या बाजारात मिळणारे अमेरिकी व ऑस्ट्रेलियन बेडूक हायलांच्या गोतातले. या दोन्ही गटांत बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो, त्यामुळे चकती हवी तशी वळवून भिंतीला सपाट टेकवता येते.

वडवणी (जि. बीड) व बालाघाटच्या पर्जन्यछायेतील गावांत घरात भेटणारा झाडबेडूक बहुधा पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस हाच असतो. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० मध्ये त्याचे वर्णन केले. चुन्याच्या भिंतींवर दिसतो म्हणून इंग्रजांनी त्याला ‘चुनाम बेडूक’ म्हटले. त्याला कोणी आणून पाळत नाही, ओलाव्याच्या ओढीने तोच घरात येतो. न्हाणीच्या कोनाड्यात, रांजणामागे किंवा चौकटीच्या फटीत तो दिवसभर पाय पोटाखाली घेऊन चिकटून बसतो आणि रात्री दिव्याभोवतीचे किडे टिपतो. मादी ७ ते ८ सेंमी. लांब, नर तिच्याहून बराच लहान.

त्याची पाठ कधी पिवळट, कधी गडद ठिपक्यांची तपकिरी, तर भर उजेडात चुन्यासारखी फिकट दिसते. एकच बेडूक सकाळ-संध्याकाळ दोन वेगळ्या जातींचा वाटावा इतका हा फरक असतो. म्हणून पाठीच्या रंगावर विसंबू नये. बेडूक पाय ताणतो तेव्हा मांडीची मागची बाजू पाहावी. तिथे गडद जाळीत जोंधळ्याच्या दाण्यांसारखे गोल पिवळे ठिपके असतात, आणि हीच त्याची सर्वांत भरवशाची खूण. पुढच्या बोटांत पडदा जवळजवळ नसतो. पावसाळ्यात हौदाच्या काठावर, पाण्याच्या वर, फेसाचा पांढुरका गोळा चिकटलेला दिसला तर ते याचेच घरटे समजावे. अंडी त्यात वाढतात व पिले खालच्या पाण्यात पडतात.

नुसत्या रुंद बोटांवरून मात्र फसगत होते. झाडाच्या ढोलीत शिरणारा, नारिंगी पट्ट्यांचा गुबगुबीत युपेरोडॉन टॅप्रोबॅनिकस याचीही बोटे टोकाला रुंद असतात, पण ती त्रिकोणी; तोंड आखूड आणि पाय बुटके. भेक चकत्यांअभावी लगेच वेगळा ओळखू येतो.

सह्याद्रीत जाती वाढतात. आंबोली, कोयना या पट्ट्यातला मलबारी उडता बेडूक हिरवागार असतो व चारही पायांचे पडदे तांबूस-नारिंगी असतात. ते पसरून तो फांदीवरून तरंगत खाली येतो. झुडपी बेडूक जेमतेम दोन-तीन सेंमी.चे. आंबोलीच्या नावाची जाती (स्यूडोफिलॉटस आंबोली) २००९ मध्ये, तर पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हे. वि. घाटे यांच्या नावाची (रॉर्चेस्टिस घाटेई) २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. यांच्या अंड्यांतून बेडकुळीच बाहेर पडते, शेपटीची अवस्था पाण्यात काढावी लागत नाही. त्यांची ओळख डोळ्यांनी पटवणे अवघड असते, तिथे नराचा आवाज अधिक उपयोगी पडतो.

पाळीव जातींत ‘हिरवा झाडबेडूक’ हे नाव सर्वाधिक गोंधळ करते. ऑस्ट्रेलियातला व्हाइटचा बेडूक स्थूल, कानामागे मांसल वळी असलेला. अमेरिकी हिरवा सडपातळ, ओठापासून कुशीपर्यंत पांढरी रेघ असलेला. मध्य अमेरिकेतील लालडोळ्या बेडकाची बाहुली उभी, बाकी दोघांची आडवी. अमेरिकेतील दोन करडे झाडबेडूक दिसायला हुबेहूब सारखे. एकाची गुणसूत्रे २४, दुसऱ्याची ४८, आणि नराच्या आवाजावरूनच ते वेगळे कळतात.

लालडोळ्या बेडकाची प्रजाती २०१० पासून वन्यजीव-व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार परिशिष्टातील परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्याची नोंदणी करावी लागते. घरात आलेला देशी बेडूक पकडून डब्यात ठेवू नये. बेडकाची कातडी पाणी व क्षार शोषून घेते, म्हणून उचलावाच लागला तर हात साध्या पाण्याने ओले करावेत. साबण, तेल किंवा हळदीचे हात लावू नयेत. ओळखीसाठी मांडी, बोटांची टोके आणि डोळा यांची तीन छायाचित्रे तेवढ्या वेळात घेता येतात.