मेसेज, कॉल की भेट? बोलण्यातलं काय कुठे गळतं

गेल्या वर्षी गणपतीला मला माधवनगरला घरी जाता आलं नाही. पुण्यात ऑफिसमध्ये रिलीज होतं. फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, "या वेळी जमणार नाही, दिवाळीला नक्की येतो." बाबांचं उत्तर आलं, "बरं." मी त्यावर अंगठा दिला आणि कामाला लागलो.

दिवाळीत कळलं, की मी घरी असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मी येत नाही म्हटल्यावर पुढे ढकललं. हे आईने सांगितलं. बाबा समोरच बसले होते, पण वर बघत नव्हते. त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा त्या "बरं"चा अर्थ लागला.

बाबांनी अनेक वर्षं यंत्रमागावर काढली. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, त्यामुळे हाताने आणि नजरेने बोलायची सवय. असा माणूस टाइप करतो तेव्हा त्याचं बरंचसं बोलणं फोनच्या बाहेरच राहतं. कुठल्या माध्यमात नेमकं काय बाहेर राहतं, ते पाहूया.

मेसेज: शब्द पोहोचतात, सूर नाही

जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात लोकांनी काही वाक्यं मनापासून, तर काही टोमणा म्हणून सांगायची होती. समोरच्याला फरक साधारण ७८ टक्के वेळा कळेल, असं ईमेल पाठवणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर आली असती!

कारण सोपं आहे. लिहिताना सूर आपल्या डोक्यात वाजत असतो. वाचणारा मात्र स्वतःच्या मूडप्रमाणे सूर लावतो. मी बाबांच्या "बरं"ला माझ्या सोयीचा सूर लावला.

कॉल: सूर पोहोचतो, चेहरा नाही

जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. आता व्हीओएलटीईवरच्या एचडी व्हॉइसमध्ये तो ७००० हर्ट्झच्या आसपास जातो. म्हणजे उसासा, थांबणं, दाटलेला गळा हे सगळं बऱ्यापैकी ऐकू येतं.

त्याचा परिणाम शरीरावरही होतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींना लोकांसमोर बोलायला आणि गणितं सोडवायला लावून थोडा ताण दिला. नंतर काही जणी आईला भेटल्या, काही फोनवर बोलल्या. २०१० च्या या अभ्यासात दोन्ही गटांत ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलेलं हार्मोन, वाढलं. २०१२ च्या पुढच्या अभ्यासात चॅटही तपासलं. आईशी फक्त चॅट केलेल्या मुलींची हार्मोनची पातळी आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखी निघाली. अभ्यास लहान होते आणि फक्त मुलींवर होते, त्यामुळे सगळ्यांना सरसकट लावता येणार नाहीत. पण आवाज ऐकण्याला पर्याय म्हणून चॅट पुरत नाही, हा इशारा पक्का आहे.

व्हिडिओ कॉल: चेहरा दिसतो, नजर जुळत नाही

कॅमेरा वर, चेहरा खाली. तुम्ही समोरच्याच्या डोळ्यांत बघता, तेव्हा त्याला तुम्ही खाली बघताय असं दिसतं.

दुसरी अडचण वेळेची. दहा भाषांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. नेटवर्क कमजोर असलं की आवाज त्याहून उशिरा पोहोचतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात आणि शेवटी "हॅलो, ऐकू येतंय का?" एवढंच उरतं.

मग फोन वाईट का?

नाही. मेसेजची नोंद राहते, विचार करून लिहिता येतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मेसेज आणि व्हिडिओ कॉलमुळे दूरच्या माणसाशी थेट बोलता येतं.

आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजायला लागला. पुढचा दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. गावाने मोबाइल फेकून दिले नाहीत, फक्त समोरासमोर बसायला वेळ राखून ठेवला.

कधी काय वापरायचं?

- पत्ता, वेळ, बिलाचा फोटो: मेसेज.
- नकार, तब्येत, पैशांची अडचण: किमान कॉल.
- एका शब्दाचं उत्तर आलं: अर्थ लावण्याआधी फोन करा.
- माफी मागायची आहे, भांडण मिटवायचं आहे: शक्य असेल तर भेटा.

बाबांचं ऑपरेशन नंतर डिसेंबरमध्ये झालं, मी सोबत होतो. आता "जमणार नाही" हे मी मेसेजवर सांगत नाही, फोन करतो. बाबा फोनवरही "बरं" एवढंच म्हणतात. पण त्याआधी ते किती वेळ गप्प होते, ते मला ऐकू येतं.