विषारी वायु आणि शिपायाचा पोशाख

१९१५ सालच्या एप्रिल महिन्याच्या २२ तारखेस, सायंकाळीं पांचच्या सुमारास, बेल्जममधील ईप्र शहराजवळच्या फ्रेंच खंदकांसमोर हिरवट-पिवळ्या रंगाचें धुकें जमिनीलगत सरकत येऊं लागलें. वाऱ्याची झुळूक जर्मनांकडून फ्रेंचांकडे वाहत होती, आणि जर्मनांनीं पांच हजारांहून अधिक नळकांड्यांचीं तोंडें उघडलीं होतीं. तें धुकें म्हणजे क्लोरिन वायु. हा हल्ला ज्याच्या देखरेखीखालीं झाला तो रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर कोणी सामान्य मनुष्य नव्हता. हवेंतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याची, आणि पर्यायानें साऱ्या जगाच्या शेतीला खत पुरविण्याची युक्ति त्याचीच. एका हातानें अन्न आणि दुसऱ्या हातानें विष, असा हा विसाव्या शतकाचा विद्वान!

तलवारीचा घाव चिलखतानें अडे, बाण ढालीवर झेलतां येई. पण जें शस्त्र श्वासाबरोबर शरीरांत शिरतें तें अडवावयाचें कशानें? या प्रश्नाला त्या आठवड्यांत मिळालेलें उत्तर अगदीं घरगुती होतें. एक ओलें फडकें घ्यावें आणि नाकातोंडावर दाबून धरावें, एवढेंच तें. क्लोरिन पाण्यांत विरघळतो, त्यामुळें या उपायांत थोडें तथ्यही होतें. लंडनच्या एका वृत्तपत्रानें आवाहन करतांच इंग्लंडांतील स्त्रियांनीं हजारों कापसाच्या गाद्या शिवून रणांगणाकडे रवाना केल्या. त्यामागची माया खरी होती, परंतु भिजलेल्या कापसांतून श्वास घेतां येत नाहीं हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. अशा गाद्या शेवटीं टाकून द्याव्या लागल्या.

त्याच धुमश्चक्रींत २६ एप्रिल रोजीं हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन पुढें सरसावली. या शिपायांजवळ वायूपासून बचावाचें कोणतेंही तयार साधन नव्हतें. जमादार मीर दस्त हे स्वतः वायूनें बाधित झाले असतांही त्यांनीं विखुरलेल्या शिपायांना एकत्र केलें आणि भडिमार चालू असतां आठ ब्रिटिश व हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागीं आणण्यास मदत केली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ब्रायटन येथील इस्पितळांत बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदक छातीवर आलें, पण त्या छातींत गेलेल्या वायूचा त्रास पुढेंही त्यांना सोडीना.

घाईच्या उपायांनंतर शास्त्रीय उपायांची पाळी आली. न्यूफाउंडलंडच्या पलटणीचे डॉक्टर क्लूनी मॅकफर्सन यांनीं फ्लॅनेलची एक पिशवी तयार केली. ती डोक्यावरून ओढून घेऊन तिची कड कोटाच्या गळ्यांत खोंचावयाची. डोळ्यांपुढें पारदर्शक खिडकी असे, आणि कापड ज्या द्रवांत भिजविलेलें असे त्यांत मुख्य द्रव्य हायपो, म्हणजे फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलींत नित्य आढळणारें तेंच. क्लोरिन या हायपोशीं संयोग पावून निष्प्रभ होई. १९१५ च्या अखेरीस जर्मनांनीं फॉस्जीन नांवाचा अधिक घातक वायु सोडला, तेव्हां पिशवी तीच राहिली आणि तिच्यांतलें औषध बदललें. विष बदललें कीं फडक्याचें औषध बदलावयाचें, ही पाठशिवण किती दिवस चालणार?

तिच्यांतून सोडविलें तें कोळशानें. रशियांत झेलिन्स्की यांनीं १९१५ सालींच दाखवून दिलें कीं, विशिष्ट रीतीनें तापवून सच्छिद्र केलेला कोळसा नाना प्रकारच्या वायूंना आपल्या अंगीं चिकटवून धरतो. अशा एका ग्रॅम कोळशांतील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून पसरतां आला तर तो सुमारें हजार चौरस मीटर भरेल. इंग्लंडांत एडवर्ड हॅरिसन या औषधशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें १९१६ सालीं कोळशाच्या डब्याचा मुखवटा सिद्ध झाला. प्रयोगांत स्वतः वायु हुंगून हॅरिसनची प्रकृति खालावली होती; युद्ध संपण्याच्या सुमारास न्यूमोनियानें त्याचा अंत झाला. मुखवट्याला लागणारा उत्तम कोळसा नारळाच्या करवंटीपासून मिळे. अमेरिकेंत ती पुरेना, म्हणून १९१८ सालीं सरकारनें घरोघरच्या गृहिणींना पीच फळाच्या बिया जपून ठेवावयास सांगितलें. सुमारें २०० बियांत एक मुखवटा, असा तो हिशेब होता.

येथवर प्रश्न फक्त नाकातोंडाचा होता. १९१७ च्या जुलै महिन्यांत, १२ तारखेच्या रात्रीं, पुन्हा त्याच ईप्रजवळ, तो साऱ्या अंगाचा झाला. तोफगोळ्यांतून आलेलें नवें द्रव्य वायु नव्हतेंच. तें तेलकट असून मंद मोहरीसारखा वास येणारें होतें, म्हणून इंग्रजांनीं त्याला मस्टर्ड गॅस म्हटलें. फ्रेंचांनीं त्याला शहराच्याच नांवावरून इपेराइट हें नांव दिलें. तें अंगावर पडल्याक्षणीं दुखत नाहीं, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा कावा होय. शिपाई जेवतो, झोंपतो, आणि कांहीं तासांनीं डोळे सुजून बंद होतात, कातडीवर फोड उठतात. साध्या कापडांतून तें झिरपतें, बुटाच्या चामड्यांतूनही वाट काढतें. मुखवटा चढविलेला मनुष्य आतां मानेवर, कांखेंत, जांघेंत भाजूं लागला.

उत्तर म्हणून जवसाच्या तेलाचा हात दिलेलें मेणकापड पुढें आलें. त्याचा झगा कांहीं काळ विष अडवी, यांत शंका नाहीं. परंतु जें कापड बाहेरचें विष आंत येऊं देत नाहीं तें आंतला घामही बाहेर जाऊं देत नाहीं. मनुष्याचें शरीर थंड राहतें तें घाम वाळल्यामुळें. घाम वाळण्याची वाट बंद केली कीं श्रमानें उत्पन्न होणारी उष्णता आंतच कोंडते. भर वैशाखांत अंगाला मेणकापड गुंडाळून फावडें मारणाऱ्या मजुराची कल्पना करावी! अशा झग्यांतला शिपाई विषानें पडला नाहीं तर उष्णतेनें पडे. घाम आणि विष यांचें हें भांडण हाच पुढील सर्व संशोधनाचा गाभा आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यान दुसरा मार्ग निघाला. नेहमींच्याच सुती वस्त्रांत क्लोरिनयुक्त औषध मुरवावयाचें, म्हणजे मस्टर्ड गॅसची वाफ कापडांत शिरतांच तें तिचा नाश करील आणि हवा मात्र खेळती राहील. ज्या क्लोरिननें १९१५ सालीं माणसें गुदमरलीं तोच आतां रक्षक झाला. मात्र हा पोशाख ताठर, चिकट आणि दुर्गंधीचा असे. १९४४ च्या ६ जून रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन शिपायांच्या अंगावर तोच होता. त्या दिवशीं वायु कोणी सोडला नाहीं. शिपायांनीं वास मात्र भरपूर सोसला.

असा पोशाख किती काळ तग धरतो याची परीक्षा कशी करावयाची? अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेंत तरुण खलाशांना औषधी कपडे व मुखवटे चढवून, उष्ण आणि दमट हवेच्या कोठडींत, मस्टर्ड गॅसच्या वाफेंत उभें करीत. कातडी लाल होईपर्यंत हा क्रम पुनःपुन्हा चाले. लाली दिसली कीं कापड हरलें, अशी नोंद होई. मोबदला म्हणून थोडी रजा मिळे आणि तोंड बंद ठेवण्याची सक्त ताकीद असे. दुसऱ्या महायुद्धांत सुमारें ६०,००० अमेरिकन सैनिक अशा निरनिराळ्या रासायनिक प्रयोगांत वापरले गेले, हें १९९३ साली तेथील वैद्यकसंस्थेच्या अहवालानें उघड केलें.

हिंदुस्थानही यांतून सुटला नाहीं. रावळपिंडी येथें इंग्लंडच्या पोर्टन डाउन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं दहा वर्षांहून अधिक काळ शेंकडों हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. कांहींना केवळ आंखूड चड्डी व सुती सदरा घालून कोठडींत धाडलें. हिंदी कातडीवर गोऱ्या कातडीपेक्षां अधिक परिणाम होतो काय, आणि रणांगणावर किती मात्रा पुरते, हें त्यांना पाहावयाचें होतें. भाजलेल्यांची संख्या मोठी असल्याचें १९४२ च्या अहवालांत नमूद आहे. हे कागद लंडनच्या ‘गार्डियन’ पत्रानें २००७ साली प्रसिद्ध केले. रक्षणाचें शास्त्र आणि माऱ्याचें शास्त्र एकाच कोठडींत किती सहज नांदतें, तें येथें दिसतें. हॅरिसननें स्वतःच्या छातीवर प्रयोग केला होता. रावळपिंडीस छाती दुसऱ्याची होती.

पुढें भीति आणखी वाढली. १९३६ साली जर्मनींत श्राडर हा शास्त्रज्ञ कीटकनाशक शोधीत असतां त्याच्या हातीं टॅबून लागलें. मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या या जातीच्या विषाचा कातडीवर पडलेला लहानसा थेंबही प्राण घेऊं शकतो. केवळ मस्टर्ड गॅसच्या बेतानें मुरविलेलें औषध येथें पुरेसें नव्हतें. तेव्हां संशोधक परत वळले ते कोळशाकडे, आणि मुखवट्याच्या डब्यांतला कोळसा कापडावर आला. बाहेरचा थर थेंब टिकूं देत नाहीं, आंतला कोळसा वाफ धरून ठेवतो आणि घामाची वाफ दोहोंतून निघून जाते. १९७० नंतरच्या दशकांत पोर्टन येथें रेयॉनचें कापडच जाळून त्याचें सबंध कोळशाचें वस्त्र बनविण्यांत आलें. जर्मनींत कोळशाचे बारीक गोल मणी कापडाला चिकटविण्याची रीत निघाली. अमेरिकेचा जुना पोशाख मात्र फेसाळ अस्तराचा असून त्याची काजळी अंगाला लागे. भारतांत या कामाचा भार ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेनें उचलला. अंगावर पडलेला थेंब टिपण्यासाठीं ब्रिटिश शिपायाला जी पूड देतात ती म्हणजे घरोघरीं ठाऊक असलेली मुलतानी माती!

घामाचें भांडण अद्याप पुरतें मिटलेलें नाहीं. हवा खेळती असली तरी हा पोशाख जाड आहे, आणि उन्हांत त्यांत काम करणाऱ्याला ठराविक वेळानें विश्रांति द्यावीच लागते. कोळशाचा स्वभावही असा कीं, तो विष आणि इतर वाफा यांत फारसा भेद करीत नाहीं. धूर, इंधनाची वाफ, घाम, सारेंच थोडेंथोडें शोषून तो थकतो. म्हणून हे पोशाख हवाबंद पिशवींत ठेवतात. अमेरिकेनें १९९७ च्या सुमारास स्वीकारलेला पोशाख पिशवी फोडल्यावर ४५ दिवस वापरावा आणि सहा वेळांपेक्षां अधिक धुवूं नये, असा नियम आहे. विष लागल्यावर तो २४ तास पुरतो. त्यानंतर तो अंगावरून उतरवावा लागतो, आणि उतरवितांना बाहेरची बाजू कातडीला लागूं नये म्हणून दुसरा शिपाई जवळ उभा असतो.