मोनॅकोच्या खिडकीखालचे शेवाळ

१९८४ साली मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या अगदी पायथ्याशी, भूमध्य समुद्राच्या तळावर, पिसासारख्या पानांचे एक हिरवेगार शेवाळ उगवलेले आढळले. त्याने व्यापलेली जागा जेमतेम एक चौरस मीटर होती. पाच वर्षांनी ते एक हेक्टरवर पसरले. २००० पर्यंत सहा देशांच्या किनाऱ्यांवर मिळून १३१ चौरस किलोमीटर क्षेत्र त्याने बाधित झाले होते. हे शेवाळ कुठल्या जहाजाच्या बुडाला चिकटून आलेले नव्हते. ते काचेच्या टाकीतून आले होते, आणि त्या टाकीत माणसांनीच ते कौतुकाने लावले होते.

नवी मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची रीफ टँक सांभाळणाऱ्याला शेवाळाचा जाच नवा नाही. माशांच्या खाद्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट साचतात, वर प्रखर दिवे असतात, आणि महिन्याभरात प्रवाळांवर हिरवे केस उगवतात. हा जाच मत्स्यालयांइतकाच जुना आहे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्या काळच्या छंदिष्टांनी काचेवरचे शेवाळ चरण्यासाठी समुद्री गोगलगाई सोडल्या. पुढे विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी पाण्याचा मोठा साठा टाकीखाली अंधारात ठेवून ते सतत फिरवत ठेवण्याची पद्धत रूढ केली. अंधारात शेवाळ वाढत नाही, एवढी साधी गोष्ट. पण तिच्या जोरावर मोठमोठी मत्स्यालये चालली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच्या नेमकी उलट युक्ती निघाली: शेवाळावर शेवाळाचाच उतारा. जे नको त्याचे अन्न पळवायचे, तर भराभर वाढणारे आणि दिसायला देखणे असे दुसरे शेवाळ टाकीत वाढवायचे, आणि वाढले की कापून फेकायचे. कापलेल्या प्रत्येक जुडीबरोबर पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेटही बाहेर जाते. या कामाला कौलेर्पा हे शैवाल फार सोयीचे होते. जर्मनीतील श्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयात कौलेर्पा टॅक्सिफोलियाचा एक विलक्षण चिवट वाण होता. उष्ण कटिबंधातली ही वनस्पती, पण हा वाण थंड पाण्यातही तग धरत असे. एका मत्स्यालयाने दुसऱ्याला भेट द्यावी, अशा सरळ मैत्रीच्या मार्गाने तो फ्रान्समध्ये आणि तिथून मोनॅकोला पोहोचला.

कौलेर्पाची शरीररचनाच अजब आहे. मीटरभर लांबीची, खोड-पान-मूळ असल्यासारखी दिसणारी ही वनस्पती म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी असते. तुकडा तुटला की जखम लगेच बुजते आणि तुकड्यातून नवे शेवाळ उभे राहते. बोटीच्या नांगराला किंवा मासेमारीच्या जाळ्याला अडकलेली एक काडीसुद्धा नव्या वसाहतीला पुरते. म्हणजे उपटून टाकणे हाच तिच्या प्रसाराचा उपाय ठरतो!

१९८९ मध्ये नीस विद्यापीठाचे शैवालतज्ज्ञ अलेक्सांद्र मेनेझ यांनी धोक्याची घंटा वाजवली. त्यानंतरचा वाद वाचताना शेवाळापेक्षा माणसांचीच जास्त चीड येते. संग्रहालयाच्या बाजूने सांगितले गेले, की ही वनस्पती निसर्गतःच आली असावी आणि तिच्यापासून मोठे नुकसान नाही. जिथे सुरुवातीलाच पाण्यात उतरून काम संपवता आले असते, तिथे वर्षानुवर्षे खलिते आणि खंडने चालली. १९९८ मध्ये डीएनए तपासणीने मूळ मत्स्यालयातलेच असल्याचे दाखवून दिले, पण तोवर उपटण्याची वेळ निघून गेली होती. पुढे कित्येक ठिकाणी हे शेवाळ आपोआप ओसरले, हेही नोंदवायला हवे. त्याचे श्रेय मात्र कोणाही संस्थेचे नाही.

हाच वाण जून २००० मध्ये कॅलिफोर्नियातील आगुआ हेडिओंडा या खाडीसरोवरात सापडला. या वेळी कोणी वाद घातला नाही. शेवाळावर ताडपत्र्या अंथरून, कडा दाबून, आत क्लोरीन सोडण्यात आले. समूळ उच्चाटन झाल्याचे जाहीर व्हायला २००६ उजाडले. खर्च ७० लाख डॉलरच्या वर गेला. उगम बहुधा कोणाच्या तरी रिकाम्या केलेल्या घरगुती टाकीत होता. मोनॅकोत दोषी संस्था तरी होती. इथे बहुधा एक बादली.

भारतातली कथा टाकीतली नाही, शेतीची आहे. कॅराजीननसाठी आणलेले कॅपाफायकस हे परके शैवाल तमिळनाडूत मंडपमच्या परिसरात लावले गेले, आणि २००८ मध्ये मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर चढल्याची नोंद झाली. हेतू उत्पन्नाचा असो वा छंदाचा, तुटलेल्या तुकड्याला त्याचे सोयरसुतक नसते.

आता नवी मुंबई. हे शहर बऱ्याच अंशी भरावावर उभे आहे. सिडकोने भरतीचे पाणी आत शिरू नये म्हणून धारण तलाव बांधले. पावसाळी गटारांचे पाणी त्यांत येते आणि ओहोटीला खाडीत उतरते. २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेली ठाण्याची खाडी ती हीच. तिचे पाणी गढूळ, पावसाळ्यात जवळजवळ गोडे. भूमध्य समुद्रासारखा विध्वंस इथे घडेलच असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. कौलेर्पाच्या काही जाती तर कोकणच्या खडकांवर मुळातच नांदतात. परका वाण मात्र वेगळा, आणि गटार ते खाडी हा रस्ता खुला आहे. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, पण ती यादी समुद्रातून काय बाहेर काढले जाते याची. बादलीतून काय परत जाते हा तिचा विषय नाही.

कॅलिफोर्नियातल्या प्रकरणानंतर तिथल्या छंदिष्टांना दिलेली सूचना अगदी घरगुती होती: टाकीतून काढलेले शेवाळ, त्याला चिकटलेल्या दगड-वाळूसह, पिशवीत बांधून किमान २४ तास फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि मगच कचऱ्यात टाकायचे.