बैलजोडी, पणती आणि तीन टक्के

भारतीय जनसंघाची स्थापना दिल्लीत २१ ऑक्टोबर १९५१ रोजी झाली आणि २५ ऑक्टोबरला हिमाचल प्रदेशातल्या चिनी तहसिलीत पहिल्या लोकसभेसाठी मतदान सुरूही झाले. पुढे देशभर पसरलेला हा पक्ष पहिले मत पडले तेव्हा चार दिवसांचा होता. आचार्य कृपलानींचा किसान मजदूर प्रजा पक्ष त्याच वर्षी जूनमध्ये पाटण्यात जन्मला होता. समाजवाद्यांना काँग्रेसचे घर सोडून तीन-साडेतीन वर्षे झाली होती. काँग्रेस, हिंदू महासभा आणि कम्युनिस्ट सोडले तर रिंगणात उतरलेल्या बहुतेक पक्षांना धड इतिहासच नव्हता. ज्या राज्यघटनेखाली ही निवडणूक होत होती तिच्यातही राजकीय पक्षाचा उल्लेख नव्हता. तो १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने, दहाव्या परिशिष्टाच्या रूपाने आला. १९५१-५२ ची निवडणूक पक्षांनी लढवली असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण पक्ष कोणाला म्हणायचे, त्याची ओळख कशावर टिकते आणि कोणाचे नाव देशपातळीवर उरते, हे त्या निवडणुकीच्या यंत्रणेने ठरवले. आपल्या पक्षपद्धतीचा इतिहास लिहिताना नेत्यांच्या भाषणांइतकेच वजन या यंत्रणेलाही द्यायला हवे.

ही यंत्रणा उभी केली ती मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी. मतदार सतरा कोटींहून अधिक. त्या काळच्या जनगणनेनुसार साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास. नाव वाचून मत देता येणार नाही, म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी आणि तिच्यावर चिन्ह, असा मार्ग निघाला. सुमारे वीस लाख पोलादी पेट्या लागल्या; त्यांतल्या बारा लाखांहून अधिक गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. एक रुपयाच्या नोटेएवढ्या त्या कागदावर उमेदवाराचे नाव नव्हते आणि शिक्का मारायची जागाही नव्हती. मतदाराने पडद्याआड जायचे, चिन्ह ओळखायचे, कागद त्या पेटीत टाकायचा. बैलजोडी म्हणजे काँग्रेस, झाड म्हणजे समाजवादी, झोपडी म्हणजे कृपलानींचा पक्ष, विळा-कणीस म्हणजे कम्युनिस्ट, पणती म्हणजे जनसंघ, हत्ती म्हणजे डॉ. आंबेडकरांचे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. नागपूरचे कामगार नेते रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉकला माणसाचा हात मिळाला होता. ज्या वस्तूंना धार्मिक किंवा भावनिक वलय आहे त्या चिन्ह म्हणून द्यायच्या नाहीत, असा आयोगाचा दंडक होता. म्हणून गाय, देऊळ, राष्ट्रध्वज, चरखा हे सगळे बाजूला राहिले. चरखा वगळला जाणे काँग्रेसला जड गेले असणार, पण आयोगाने तिथे कोणाची भीड ठेवली नाही. याच कठोरपणाने सेन यांनी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून काढली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच नोंदवले होते. इतक्या स्त्रियांचा हक्क त्या खेपेला गेला, याचे दुःख वाटते. पण स्वतःच्या नावाने उभे राहा हा आग्रह मतदाराला आणि पक्षाला सारखाच लावला गेला, हेही नोंदवायला हवे.

आता निकालाकडे पाहू. निवडणुकीआधी आयोगाने चौदा पक्षांना राष्ट्रीय म्हणून मान्यता देऊन चिन्हे राखून ठेवली होती. निवडणूक आटोपल्यावर या मान्यतेची फेरतपासणी झाली आणि लोकसभेच्या वैध मतांपैकी किमान तीन टक्के मते ही कसोटी लागली. तिच्यातून चार पक्ष उरले: काँग्रेस, कम्युनिस्ट, जनसंघ आणि समाजवादी व कृपलानींचा पक्ष सप्टेंबर १९५२ मध्ये एकत्र येऊन झालेला प्रजा समाजवादी पक्ष. हिंदुत्ववादी गटातले आकडे इथे बारकाईने पाहावेत. हिंदू महासभेने चार जागा जिंकल्या होत्या. त्यांतल्या ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही जागा विष्णु घनश्याम देशपांडे या एकाच मराठी माणसाने मिळवल्या, आणि त्यांनी सोडलेल्या ग्वाल्हेरमधून नागपूरचे डॉ. ना. भा. खरे निवडून गेले. रामराज्य परिषदेला तीन जागा होत्या, जनसंघालाही तीनच. पण मतांचे प्रमाण होते जनसंघ ३.०६ टक्के, रामराज्य परिषद १.९७, हिंदू महासभा ०.९५. जागा सर्वांत जास्त मिळवणारी महासभा राष्ट्रीय यादीतून गेली आणि साठ-सत्तर हजार मतांच्या निसटत्या आधिक्याने जनसंघ राहिला. पणती देशभर त्याच्याकडे राखीव राहिली. त्या विचाराच्या मतदाराला पुढच्या खेपेला कोणत्या पेटीकडे वळायचे, याचे उत्तर निम्मे तिथेच ठरले. कसोटी जागांची लावली असती तर यादी वेगळी दिसली असती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. काँग्रेस जिंकली ती स्वातंत्र्यलढ्याच्या पुण्याईवर आणि नेहरूंच्या दौऱ्यांवर. बैलजोडी हे निमित्त. हे मान्यच आहे. काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, त्याला पुण्याई कारण होतीच. पण मते पंचेचाळीस टक्के होती, म्हणजे निम्म्याहून अधिक मते इतरत्र गेली होती. समाजवादी आणि कृपलानींचा पक्ष यांना मिळून सोळा टक्क्यांहून अधिक मते आणि जागा अवघ्या एकवीस. कम्युनिस्टांना सव्वातीन टक्के मतांत सोळा जागा, कारण त्यांचे बळ मोजक्या भागांत एकवटले होते. ‘सर्वाधिक मते मिळवणारा विजयी’ ही पद्धत विखुरलेल्यांना अशीच मारते. ज्या हैदराबाद राज्यात तेव्हा मराठवाडा होता तिथे कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने त्यांचे लोक पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंट या नावाने लढले, सात जागा जिंकले, आणि ती मते कागदावर वेगळ्याच पक्षाची म्हणून नोंदली गेली. विजय कोणाचा, हे जनतेने ठरवले यात वाद नाही. हरलेल्यांपैकी टिकणार कोण, हा प्रश्न मात्र जनतेच्या मतांना आयोगाने लावलेल्या मापाने सुटला, आणि पक्षपद्धतीच्या दृष्टीने तो प्रश्न विजयाइतकाच मोठा होता.

पेटीची रचना निकालापर्यंत कशी पोचत असे, याचे सर्वांत जिव्हारी लागणारे उदाहरण मुंबईचे आहे. देशातल्या ४०१ मतदारसंघांपैकी ८६ दोन सदस्यांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. अशा ठिकाणी मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एक बाद. उत्तर मुंबईत फेडरेशन आणि समाजवादी यांचा समझोता होता: राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर, सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर आणि विठ्ठल गांधी, शिवाय कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली. फरक साडेचौदा हजारांचा, आणि बाद ठरलेली मते ७४ हजारांच्या वर. आंबेडकर आणि मेहता यांनी त्याविरुद्ध दादही मागितली. ही मते बाद झाली नसती तर निकाल फिरलाच असता, असे म्हणण्याइतका पुरावा नाही आणि मी तसे म्हणणार नाही. पण ज्याने घटना समितीत मसुद्याचे नेतृत्व केले त्याच्या पराभवाची चर्चा करताना जात, काँग्रेसची लाट आणि डांग्यांचा विरोध एवढेच सांगून थांबणे म्हणजे पुराव्याचा एक तुकडा टाकून देणे आहे. दोन पक्षांची युती मतदाराच्या दोन कागदांत बरोबर वाटली जावी लागत होती.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात येणारच. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मागे लोक उभे राहिले तेव्हा कोणी चिन्ह पाहिले होते? पुण्याने ना. ग. गोरे यांना झोपडीवर निवडले आणि काँग्रेसच्या काकासाहेब गाडगीळांना पाडले, मुंबईने डांग्यांना विळा-कणसावर दिल्लीला पाठवले, साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना त्याच चिन्हावर, आणि रत्नागिरीने प्रेमजीभाई आसर यांना पणतीवर. नाशिकमधून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड गेले. मराठी भाषकांच्या राज्याच्या एका मागणीसाठी मतदाराने जिल्ह्यागणिक वेगळे चिन्ह उचलले. चिन्हापेक्षा ध्येय मोठे असू शकते, याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही, आणि महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटावा. पण त्याच्या पुढचे पान उलटावे लागते. आयोगाच्या निकालपत्रकात समिती हा पक्ष म्हणून दिसत नाही. तिचे खासदार प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, फेडरेशन, जनसंघ अशा आपापल्या रकान्यांत नोंदले गेले आहेत. राज्य मिळाले, घटक पक्ष आपापल्या घरी परतले, आणि १९६२ च्या लोकसभेत महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या. समिती फुटण्याला आपसातले मतभेद कारण होतेच, ते नाकारता येत नाहीत. तरी ज्या आघाडीने लोकांचा एवढा विश्वास कमावला तिच्याकडे तो विश्वास साठवायला स्वतःची पेटी नव्हती, हे त्या पडझडीचे एक कारण मानायला मला अडचण वाटत नाही.

१९६२ पर्यंत वेगळ्या पेट्यांची पद्धत गेली आणि एकाच मतपत्रिकेवर सगळी चिन्हे छापून शिक्का मारण्याची पद्धत देशभर आली. पेटी गेली तरी चिन्हाचे महत्त्व तसूभर घटले नाही. १९६८ मध्ये आयोगाने चिन्हांचा आदेश काढला आणि फुटलेल्या पक्षातला खरा गट कोणता हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या पंधराव्या परिच्छेदात लिहून ठेवला. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, १९७१ च्या निवडणुकीत बैलजोडी कोणालाच वापरता आली नाही, आणि त्याच वर्षी सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा हा अधिकार उचलून धरला. रुईकरांच्या पक्षाचा हात १९७८ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे आला. आंबेडकरांच्या फेडरेशनचा हत्ती आज बहुजन समाज पक्षाकडे आहे. पक्षांच्या नोंदणीची तरतूद कायद्यात आली ती १९८९ मध्ये. म्हणजे पहिल्या नऊ लोकसभांपैकी आठ निवडणुका तिच्याविना झाल्या. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटाला देणारे दोन्ही निर्णय आयोगाने १९६८ च्या त्याच पंधराव्या परिच्छेदाखाली दिले.