दुसरी पंगत

कुक्षी हे पूर्वी धार संस्थानातील एका परगण्याचे ठाणे. सभोवती भिल्लांची वस्ती आणि मोहाची झाडे. मोहाची दारू तेथे देवास व पाहुण्यासही द्यावयाची रीत. म्हणून ती सोडणारा आपल्याच पंगतीतून उठतो. त्याला दुसरी पंगत हवी.

गोविंद गुरूंनी वागड प्रांती भिल्लांस धुणीभोवती जमवून दारू सोडविली. १७ नोव्हेंबर १९१३ रोजी मानगढ टेकडीवर त्यांच्या अनुयायांवर गोळीबार झाला. तरी भगतपंथ टिकला. नर्मदेच्या दक्षिणेस, तळोद्याकडे, गुला महाराजांनी १९३८ च्या सुमारास आरतीला जमणाऱ्यांना हेच व्रत दिले. अमेरिकेतील अॅक्रन येथे १९३५ मध्ये दोघा मद्यपींनी एकमेकांस सावरले. त्यांतून निघालेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या बैठका भारतात १९५७ पासून भरू लागल्या. तेथे शुल्क नाही, पूर्ण नाव कोणी विचारीत नाही. प्रत्येकाने आपली हकिकत सांगावी, दुसऱ्याची ऐकावी, इतकेच.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी. अबकारी कायदा दुकान बंद करू शकतो, तहान नव्हे. ती सोबतीनेच आवरते. आपल्या देवळांतून भजनी मंडळींस ओसरी मिळते. आठवड्यातील एक सायंकाळ तीच ओसरी या माणसांना दिली, तर देवास काही उणे पडेल, असे आम्हांस वाटत नाही.