अर्धशिशी आणि कॉफीचा पेला

मस्तकाचा एकच भाग ठणकू लागावा, उजेड आणि आवाज सोसवेनासा व्हावा, मळमळ सुटावी आणि एरवी कामाला वाघ असलेल्या मनुष्याने अंधाऱ्या खोलीत डोके बांधून पडून राहावे, हे अर्धशिशीचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. आयुर्वेदात हीच व्यथा अर्धावभेदक या नावाने वर्णिली आहे. अशा वेळी कडक चहा अगर कॉफी घेण्याचा उपाय घरोघर माहीत असतो. हा उपाय निव्वळ समजूत आहे काय, या प्रश्नाचा इतिहास सुमारे साडेतीनशे वर्षांचा आहे. आणि त्यातून निघालेले उत्तर जितके दिलासा देणारे, तितकेच सावध करणारेही आहे.

लंडन शहरात पहिले कॉफीगृह १६५२ साली उघडले. पुढे थोड्याच काळात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याचे लक्ष या नव्या पेयाकडे गेले. मेंदूच्या रचनेवरील त्याचा ग्रंथ १६६४ साली प्रसिद्ध झाला होता व मस्तकशूळाचे त्याने बारकाईने निरीक्षण केले होते. मस्तकातील रक्तवाहिन्या फुगल्याने शूळ उठतो, असा त्याचा तर्क होता. १६७४ सालच्या आपल्या औषधविषयक ग्रंथात त्याने कॉफीची शिफारस केली. काही रोग्यांना औषधांच्या दुकानापेक्षा कॉफीगृहाकडे धाडणे अधिक बरे, असे त्याचे मत होते. रक्तवाहिन्या आणि कॉफी यांचा संबंध सिद्ध करण्याचे साधन मात्र त्या काळी कोणापाशीच नव्हते.

ते साधन रसायनशास्त्राने पुरविले, आणि त्यात एका महाकवीचा हातभार लागला. १८१९ साली जर्मनीतील येना येथे फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाने बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, याचा प्रयोग कवी गटे यास करून दाखविला. गटे प्रसन्न झाला व त्याने कॉफीच्या बियांचे पृथक्करण करण्याची सूचना देऊन त्या बिया रुंगेच्या स्वाधीन केल्या. त्या बियांतून रुंगेने जे द्रव्य वेगळे काढले, तेच कॅफीन होय. १८२७ साली चहातून निघालेले द्रव्य प्रथम निराळे मानले गेले. परंतु ते कॅफीनच आहे, हे १८३८ साली सिद्ध झाले. चहा पिणारा आणि कॉफी पिणारा एकाच द्रव्याचे सेवन करीत असतो, हे अशा रीतीने कळून आले.

विलिसच्या तर्काची कसोटी विसाव्या शतकात लागली. राय या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीतून आर्थर स्टॉल याने १९१८ साली एर्गोटामीन हे औषध वेगळे केले. १९३८ साली अमेरिकेत जॉन ग्रॅहॅम व हॅरोल्ड वुल्फ यांनी दाखविले की, हे औषध टोचल्यावर कानशिलाच्या धमनीची उडी मंदावते आणि त्याबरोबर अर्धशिशीची वेदनाही ओसरते. पुढे एर्गोटामीनच्या १ मिलिग्रॅमला कॅफीनच्या १०० मिलिग्रॅमची जोड देऊन गोळ्या प्रचारात आल्या. कॅफीनमुळे एर्गोटामीन आतड्यातून लवकर शोषले जाते, हा त्या जोडीचा लाभ होता.

परंतु या कथेची दुसरी बाजूही उघड व्हावयाची होती. १९४३ साली ड्राइसबाख व फायफर या दोघा अमेरिकन संशोधकांनी काही माणसांना अनेक दिवस कॅफीन दिले आणि मग त्याऐवजी एकाएकी निरुपद्रवी भुकटी दिली. तेव्हा त्यांपैकी अनेकांची डोकी भयंकर दुखू लागली. जे द्रव्य डोकेदुखी थांबविते, तेच सवयीचे झाल्यावर आपल्या अभावाने डोकेदुखी निर्माण करते, असा याचा अर्थ होता.

याचे मर्म १९७० नंतर उलगडत गेले. शरीरात अॅडिनोसीन नावाचे एक द्रव्य असते. ते मेंदूतील रक्तवाहिन्या सैल करते व झोप आणते. कॅफीन त्याची जागा अडवून धरते, त्यामुळे वाहिन्या आकसतात. रोजच्या सेवनाने शरीर या अडवणुकीला सरावते, आणि कॅफीन अचानक बंद झाले की वाहिन्या फाजील सैलावतात. अर्थात अर्धशिशीचे मूळ केवळ रक्तवाहिन्यांत नसून चेहऱ्याच्या व मस्तकाच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंतही आहे, असे आता मानले जाते.

अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करता, वेदनाशामक गोळीबरोबर १०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यास दर शंभरांत पाच ते दहा अधिक रोग्यांना चांगला आराम मिळतो. लाभ खरा आहे, पण माफक आहे. उलट, रोज २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ घेणाऱ्याने ते एकाएकी सोडले, तर चोवीस तासांच्या आत डोके दुखू लागते आणि पूर्ण थांबावयास आठवडाही लागू शकतो. उपवासाच्या दिवशी किंवा सुट्टीला उशिरा उठल्यावर उठणारे कपाळ पुष्कळदा चुकलेल्या चहाचे असते, ते यामुळेच. त्याहून मोठा धोका मिश्र गोळ्यांचा आहे. महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ त्या घेतल्या, तर औषधच डोकेदुखीचे कारण होऊन बसते.

म्हणून ज्याला अर्धशिशीचा त्रास आहे, त्याने चहा-कॉफी मोजून, रोज ठराविक वेळी घ्यावी. सोडावयाची असल्यास हळूहळू सोडावी. आणि गोळ्यांचे दिवस दिनदर्शिकेवर टिपून ठेवून वैद्यास दाखवावे. विलिसने रोग्यास कॉफीगृहाची वाट दाखविली, ती चुकीची नव्हती. मात्र त्या वाटेवरून रोज जाणाऱ्याला पुढे तेथे गेल्यावाचून चैन पडत नाही, एवढे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.